गाळपेरीवरील हरिता : ओळख आणि वर्गीकरण

‘शेवाळ’ या एका शब्दाच्या पोटात आपण किती वस्तू घातल्या आहेत, याचा विचार आपण सहसा करीत नाही. विहिरीच्या पायरीवरून पाय घसरतो तो शेवाळामुळे. पावसाळ्यात कौलांवर आणि दगडी कुंपणांवर मखमलीसारखी लव चढते तेही शेवाळ. तळ्याच्या पाण्यावर हिरव्या तंतूंचे जाळे तरंगते तेही शेवाळच. संस्कृत कवींचे कमळांभोवतीचे शैवल या तिसऱ्या प्रकाराच्या जवळचे असावे. व्यवहारात या ढिलाईमुळे कोणाचे काही अडत नाही. वर्गात मात्र अडते, हे आम्हांस एका विद्यार्थिनीने दाखवून दिले.

माघ महिन्यात शाळेची मुले घेऊन आम्ही गावाबाहेरच्या तलावावर गेलो होतो. पाणी बरेच मागे हटले होते व काठाचा गाळ नुकताच भेगाळू लागला होता. त्या मुलीने एका भेगेच्या कडेचा हिरवा ठिपका नखाने उचलला आणि हे काय म्हणून विचारले. आम्ही मुख्याध्यापकी थाटात ‘शेवाळ’ असे उत्तर दिले. तिने शाळेचे भिंग डोळ्याशी धरले व शांतपणे म्हणाली, “सर, याला पाने आहेत. शेवाळाला पाने नसतात असे आपल्या पुस्तकात आहे.” आम्ही विज्ञानशिक्षकांकडे पाहिले, तर ते आमच्याकडेच पाहत होते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. परंतु त्या दिवशीच्या फजितीनंतर या विषयाचे जे वाचन घडले, त्यातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे.

प्रथम शब्दांचा निर्णय करू. शास्त्रीय मराठीत आता शैवल, यकृतका आणि हरिता असे तीन निराळे शब्द उपलब्ध आहेत. शैवलात खोड, पान असा भेद नसतो. यकृतका या जमिनीवरच्या वनस्पती. त्यांपैकी ज्या गाळावर भेटतात त्या बहुधा चपट्या, मातीला चिकटून पसरणाऱ्या, टोकाशी दुभंगत जाणाऱ्या पट्टीसारख्या असतात. हरितेला मात्र, ती दोन मिलिमीटर उंचीची का असेना, बारीकसे खोड व त्यावर पाने असतात. फूल व बी या दोहोंपैकी काहीही नसून वंशविस्तार बीजाणूंनी होतो, आणि हे बीजाणू एका लहानशा बोंडात तयार होतात. आणखी एक खुलासा. वर्गीकरणात अनेक जाती मिळून एक प्रजाती होते आणि अनेक प्रजाती मिळून एक कुल होते. अलीकडे वृत्तपत्रे हिंदीच्या अनुकरणाने जातीलाच ‘प्रजाती’ म्हणू लागली आहेत; निदान शिक्षकांनी तरी हा घोटाळा आपल्या फळ्यावर येऊ देऊ नये.

आता या वनस्पतींच्या जागेविषयी. धरणाचे वा तलावाचे पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते, तिला आपल्याकडे गाळपेर असा फार नेमका शब्द आहे. उजनी वा जायकवाडीच्या जलाशयाकाठचा शेतकरी या जमिनीत, पाणी परत येण्याच्या आत, एक पीक काढून घेतो. हरितांच्या काही जातींनी हाच हिशेब साधला आहे. वर्षातील बराच काळ पाण्याखाली, पुढे काही आठवडे ओलसर उघडा गाळ, त्यानंतर एकतर कोरडी भेगाळ जमीन किंवा पुन्हा पाणी. या मधल्या अवधीत बीजाणू रुजावयाचा, हिरव्या तंतूंचे जाळे पसरावयाचे, त्यावर पाने धरावयाची, बोंड पिकावयाचे व नवे बीजाणू पुन्हा त्याच गाळात पडावयाचे. ही धावपळ दोन-तीन महिन्यांत उरकते. या सर्व जातींना एकत्रित असे नाव मराठीत आम्हांस आढळले नाही. ‘गाळहरिता’ असे म्हणावे, अशी आमची सूचना आहे. अधिक चांगला शब्द कोणी सुचविल्यास आमचा आग्रह नाही.

या गाळहरितांपैकी जिचा अभ्यास सर्वांत अधिक झाला, तिची कथा आम्ही येथे सविस्तर सांगणार आहोत, कारण वर्गीकरण कसे चुकते आणि कसे सुधारते हे तिच्या उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशाने होणार नाही. ती आपल्याकडची नव्हे. युरोपातील तळी, नदीकाठ आणि जलाशय यांचा उन्हाळ्याअखेर उघडा पडणारा चिखल हे तिचे प्रसिद्ध ठिकाण. उंची काही मिलिमीटर. पाने रुंद, टोकाकडे अधिक पसरट, वरच्या कडेला बारीक दाते असलेली. बोंड वाटोळे, त्याचा देठ इतका आखूड की ते पानांच्या मध्येच दडून बसते. सर्वांत लक्षणीय गोष्ट ही की त्या बोंडाला झाकण नाही. ते पिकले म्हणजे वेडेवाकडे फुटते व बीजाणू बाहेर पडतात.

झाकण नसणे ही एवढी मोठी गोष्ट का मानली गेली, हे कळण्यासाठी योहान हेड्विग याच्याकडे गेले पाहिजे. हा ट्रान्सिल्व्हेनियात १७३० साली जन्मलेला आणि पुढे लाइपझिग येथे स्थिरावलेला वैद्य. त्याच्यापूर्वी लिनीयससारख्या पंडितानेही हरितांच्या बोंडांना परागकोश समजण्याची चूक केली होती. हेड्विगने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने हरितांची नर व मादी इंद्रिये वेगळी ओळखली आणि बोंड म्हणजे बीजाणूंची पेटी होय, हे दाखविले. बहुतेक हरितांच्या बोंडाचे झाकण गळून पडल्यावर तोंडाभोवती बारीक दातांचे एक वा दोन कडे दिसते. हवेतील ओलाव्याप्रमाणे ते दात मिटतात व उघडतात आणि बीजाणू हळूहळू बाहेर सोडतात. या दातांची रचना इतकी सुबक व नियमित असते की, हेड्विगने तिलाच वर्गीकरणाचा पाया केले. त्याचा ‘स्पीशीज मस्कोरम फ्रोंडोसोरम’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८०१ साली प्रसिद्ध झाला. हरितांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ आजही त्या वर्षापासून मानतात. अपवाद फक्त स्फॅग्नमच्या कुलाचा. त्याची नावे लिनीयसच्या १७५३ च्या ग्रंथापासून मोजली जातात.

पाया दातांचा ठरल्यावर ज्यांना दातच नाहीत, किंबहुना तोंडच नाही, त्यांचे काय करावयाचे? हेड्विगने अशा बंद बोंडाच्या हरिता ‘फॅस्कम’ नावाच्या एका प्रजातीत ठेवल्या. आपल्या या गाळहरितेस त्याने ‘फॅस्कम पेटन्स’ असे नाव दिले. तिच्या शेजारी त्याच प्रजातीत ‘फॅस्कम कस्पिडेटम’, ‘फॅस्कम सब्युलेटम’ आणि ‘फॅस्कम सेरॅटम’ होत्या. आज यांपैकी एकही नाव त्या रूपात चालत नाही. कस्पिडेटम ‘टॉर्टुला’ प्रजातीत गेली, सब्युलेटम ‘प्ल्युरिडियम’ झाली, सेरॅटम ‘एफेमेरम’ झाली, आणि पेटन्स तर निराळ्याच कुलात. एखाद्या गावात ज्यांच्या घराला दार नाही त्या सर्वांना एका आडनावाचे समजावे, असा हा प्रकार झाला होता. हेड्विगला दोष देण्याचे मात्र कारण नाही. त्याच्यापुढे जे चिन्ह सर्वांत स्पष्ट होते ते त्याने घेतले, आणि ज्यांना दात होते त्यांच्या बाबतीत त्या चिन्हाने पुष्कळ अंशी काम दिले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या गोष्टीकडे दोन ठिकाणी नव्याने पाहिले गेले. ब्रूख व शिंपर यांनी १८४९ साली ‘फिस्कोमिट्रेला’ ही नवी प्रजाती करून पेटन्स तीत ठेवली. हे नाव ‘फिस्कोमिट्रियम’ या जुन्या प्रजातीच्या नावाचे लघुरूप आहे. फिस्कोमिट्रियमचे बोंड ताठ देठावर उभे असते. त्याला झाकण असते, पण दात नसतात. पाने, पेशी, सर्व अंगलट पेटन्ससारखी. म्हणजे या दोघांना नाते दिसले होते. परंतु झाकण नाही म्हणून घर वेगळे. दोनच वर्षांनी, १८५१ साली, विल्यम मिटन याने ते वेगळे घरही मोडले आणि हरितेस सरळ ‘फिस्कोमिट्रियम पेटन्स’ म्हटले. हा मिटन इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील एका गावी औषधांचे दुकान चालवीत असे. डार्विनचा समकालीन निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस हा पुढे त्याचा जावई झाला. आपल्या वाचकांना मिटनचे नाव दुसऱ्या एका कारणाने स्मरणात ठेवण्याजोगे आहे: भारतातून गेलेल्या हरितांचे नमुने तपासून त्याने १८५९ साली ‘मस्की इंडिई ओरिएंटॅलिस’ हा ग्रंथ सिद्ध केला. मिटनचे म्हणणे मागे पडले व फिस्कोमिट्रेला हेच नाव दीडशेहून अधिक वर्षे ग्रंथांतून चालले.

या काळात विरुद्ध साक्ष मिळत नव्हती असे नाही. १९२० नंतरच्या दशकात फ्रिट्झ फोन वेटश्टाइन या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने याच कुलातील फ्युनेरिया व फिस्कोमिट्रियम यांचे संकर घडवून आणले होते. फ्युनेरियाचे बोंड लांब वाकड्या देठावर, नासपतीच्या आकाराचे, दुहेरी दातांचे. त्याचा फिस्कोमिट्रियमशी संकर होतो, याचा अर्थ बोंडांत दिसणारे अंतर रक्ताच्या नात्यात तितके नाही. पुढे १९६४ साली ब्रिटनमधून पेटन्स आणि फिस्कोमिट्रियम स्फेरिकम यांच्या निसर्गतः झालेल्या संकराचे वर्णन प्रसिद्ध झाले. दोन्ही जाती उघड्या पडलेल्या चिखलावर शेजारी शेजारी वाढतात. पाण्याच्या थेंबातून एकीच्या नरपेशी दुसरीच्या मादी इंद्रियापर्यंत पोहोचतात. वनस्पतींनी आपले नाते स्वतःच सांगितले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

अंतिम निकाल लागला तो एका अगदी वेगळ्या वाटेने. केंब्रिजचे आनुवंशिकीचे अध्यापक एच. एल. के. व्हाइटहाउस यांनी १९६२ साली ग्रॅन्सडेन वूड या वनातून ही हरिता गोळा केली. त्या नमुन्याच्या एका बीजाणूपासून वाढविलेले वाण जगभरच्या प्रयोगशाळांत पसरले. या हरितेत जनुक ठरलेल्या जागी नेमका बदलता येतो, हे १९९७ साली सिद्ध झाल्यावर तिचे महत्त्व फारच वाढले. २००८ साली तिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. हरितांत असा मान मिळविणारी ती पहिलीच. तिच्या पेशीत २७ गुणसूत्रे असतात. जिला दोन शतके चिखलावरचा ठिपका म्हणून बहुतेकांनी ओलांडले, तिच्या आधारे आता वनस्पती पाण्यातून जमिनीवर कशा आल्या याचे प्रश्न सोडविले जातात.

इतका अभ्यास झाल्यावर तिची भावकी शोधणे ओघानेच आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे निष्पन्न झाले की, पानांत दडलेले, झाकण नसलेले बोंड हे रूप फिस्कोमिट्रियमच्या गोतावळ्यात एकदा नव्हे, किमान तीनदा स्वतंत्रपणे निर्माण झाले आहे. म्हणजे ज्यांना फिस्कोमिट्रेला म्हणत ते सर्व मिळून एक कुटुंब नव्हतेच. निरनिराळ्या घरांतील धाकटी भावंडे केवळ सारखा पोशाख केल्यामुळे एका रांगेत उभी केली होती. २०१२ साली संपूर्ण फ्युनेरिएसी कुलाच्या अभ्यासातून, केवळ बोंडावर उभारलेले वर्गीकरण टिकत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर पेटन्सला पुन्हा मिटनचे १८५१ चे नाव देण्यात आले आणि २०२० पर्यंत प्रयोगशाळांतील अभ्यासकांनीही ते बऱ्याच प्रमाणात स्वीकारले. दोन्ही प्रजातींचे आद्याक्षर एकच असल्यामुळे संक्षिप्त लेखनात काहीच बदलले नाही, ही त्यांची एक सोय झाली.

उलट बाजूचे उदाहरण एफेमेरमचे. ही तर पेटन्सहूनही बारीक. हिरव्या तंतूंच्या गालिच्यावर इवलाली अरुंद पाने आणि त्यांत जवळजवळ देठाशिवाय बसलेले बंद बोंड. दिसण्यातील व राहणीतील साम्यामुळे तिला दीर्घकाळ फ्युनेरियाच्या शेजारी ठेवीत. आता ती त्या कुलापासून बरीच दूर, पॉटिएसी कुलात गणली जाते. सारख्या दिसणाऱ्या दूरच्या निघाल्या आणि वेगळ्या दिसणाऱ्या जवळच्या.

असे का व्हावे? बोंडाचा उंच देठ, झाकण आणि दात ही सर्व साधने बीजाणू वाऱ्यावर दूर पाठविण्यासाठी आहेत. गाळपेरीवर वेळ थोडा; आणि पुढील वर्षी रुजण्यास योग्य अशी जागा म्हणजे बहुधा तोच गाळ. तेथे देठ वाढविण्यात दिवस घालविण्यापेक्षा बोंड लवकर पिकविणे हिताचे. म्हणून निरनिराळ्या घराण्यांनी एकच काटकसर केली असावी, असा अर्थ अभ्यासक लावतात, आणि तो आम्हांस पटण्यासारखा वाटतो. जे अवयव परिस्थितीनुसार लवकर बदलतात, त्यांच्यावरून वंश ठरविणे धोक्याचे, हे मात्र यातून उघड होते.

तर मग भिंग हाती घेतलेल्या शिक्षकाने पाहावे काय? बोंड पाहू नये असे नव्हे. केवळ बोंडावर विसंबू नये. गाळावर मोहरीहून बारीक, पाण्याने भरल्यासारखे हिरवे मणी दिसले व त्यांना पाने मुळीच नसली तर ते बोट्रिडियम नावाचे शैवल असू शकते. दुभंगत जाणाऱ्या चपट्या पट्ट्यांचे चक्राकार ठिपके असतील तर ती रिक्सिया, म्हणजे यकृतका. आपल्याकडे पावसाळ्यात व त्यानंतर ती पुष्कळ दिसते. पाने दिसली म्हणजे हरितेचा विचार करावा. दहापट मोठे दाखविणारे भिंग घेऊन प्रथम पाने रुंद की अरुंद ते पाहावे, मध्यशीर टोकापर्यंत जाते की आधीच थांबते ते पाहावे, आणि खोडाच्या तळाशी हिरव्या तंतूंचे जाळे टिकून आहे की नाही तेही पाहावे. त्यानंतर एक पान सुईने सोडवून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावे. फ्युनेरियाच्या कुलात पानांच्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या, सैल विणलेल्या जाळीसारख्या दिसतात. बोंडाच्या सालीवर छिद्रे आढळली तर तीही पाहावी. इतर वनस्पतींत छिद्राच्या दोन बाजूंना दोन रक्षकपेशी असतात, या कुलात मात्र एकच पेशी कड्यासारखी छिद्राभोवती असते. ही खूण शाळेच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू शकते आणि मुलांना फार आवडते. बोंड सर्वांत शेवटी: देठ किती, झाकण आहे काय, दात आहेत काय, टोपी कशी.

येथे एक इशारा देतो. वरील कथा वाचून आपल्या तलावाकाठच्या हरितेला कोणी ‘पेटन्स’ असे नाव देऊ नये. फिस्कोमिट्रियमच्या अन्य जाती भारतात आहेत, व दुसऱ्या कुलांतील बारीक हरिताही आहेत. प्रजातीपर्यंत पोहोचलो तरी शाळेच्या दृष्टीने ते पुष्कळ झाले. मुलांच्या वहीत ‘हरिता, जात अनिश्चित’ अशी नोंद असणे हे चुकीच्या लॅटिन नावापेक्षा शतपट बरे.

या वनस्पतींचे अस्तित्व पाण्याच्या चढउतारावर अवलंबून आहे, ही गोष्ट तलावांच्या सुशोभीकरणाच्या धामधुमीत कोणाच्या ध्यानात येत नाही. बोहेमियातील ट्रेबॉन परिसरात सोळाव्या शतकापासून खोदलेली माशांची मोठमोठी तळी आहेत. त्यांपैकी रोझम्बर्क हे १५९० साली पुरे झालेले सर्वांत मोठे. अशी तळी अधूनमधून एखादा उन्हाळाभर कोरडी ठेवण्याची तेथे जुनी रीत होती, आणि त्या उघड्या तळावर गाळहरितांचे व इतर अल्पजीवी वनस्पतींचे पीक येई. ही रीत मागे पडत गेली तशी त्यांची जागाही आक्रसली. आमच्याकडे तर काठाला दगडी पिचिंग, त्यावर फरशी, त्यावर बाके असा क्रम ठरलेला आहे. फिरावयास येणाऱ्यांची सोय होते, याला आमची ना नाही. आम्हीही त्या बाकांवर बसतो. पण पाणी ज्या उतारावरून मागे हटावयाचे तो उतारच उरत नाही. तलावाची एक तरी बाजू, जेथे गुरे उतरतात व बगळे चालतात, मातीची राहू द्यावी, अशी मागणी आम्ही आमच्या नगरपालिकेकडे लेखी केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

तलावावर मुलांना नेणे ज्यांना शक्य नसेल, त्यांच्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. डार्विनने एका लहान तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल आपल्या अभ्यासिकेत सहा महिने झाकून ठेवला व त्यातून उगवलेली एकूण एक रोपे मोजली. ती ५३७ भरली. ही रोपे बियांची होती. परंतु बीजाणूही याच रीतीने उगवून येतात. थंडीच्या आरंभी, पाणी नुकतेच ओसरलेल्या काठावरून चमचाभर गाळ आणावा. उथळ बशीत पसरून उकळून थंड केलेल्या पाण्याने ओला करावा, काचेने झाकावा आणि थेट ऊन न येणाऱ्या खिडकीत ठेवावा. बशीवर जागा, तारीख आणि पाणी त्या दिवशी किती मागे होते ते लिहून ठेवावे. काही आठवड्यांत, गाळात बीजाणू असल्यास, हिरवे तंतू दिसू लागतात व त्यांवर पानांच्या कळ्या येतात. पेटन्ससारख्या जाती थंडी व लहान दिवस असता बोंड धरतात. म्हणून बशी उन्हाळ्यापूर्वी लावणे इष्ट. आमच्या त्या विद्यार्थिनीची बशी सध्या कार्यालयाच्या खिडकीत आहे. पाने आली आहेत. बोंड अजून धरलेले नाही, म्हणून तिने चिठ्ठीवर नावाची जागा कोरी ठेवली आहे.